कोस्टा रिकात कासवांच्या कामासाठी सहा आठवडे: काय तपासावं, काय शिकून जावं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सहा आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते आहे. समुद्री कासवांच्या संवर्धनाच्या कामावर स्वयंसेवक म्हणून जायचं आहे. कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं तोर्तुगेरो डोक्यात आहे. जीवशास्त्राचं शिक्षण नाही, संगणकावरची नोकरी आहे. चालायची सवय आहे, स्पॅनिश शून्य.

रात्रीच्या गस्तीत स्वयंसेवकाच्या हाती नेमकं कोणतं काम येतं? पैसे घेऊन प्राण्यांबरोबर फोटो काढू देणारे प्रकल्प कसे ओळखायचे? भारतीय पासपोर्टवर व्हिसा, लसी, प्रवास यांत कुठे अडतं? आणि मादी अंडी घालताना व पिल्लं बाहेर पडताना, दोन्ही बघायला मिळेल का?

निशाचर
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याच्या उत्तराने तुमच्या तारखाच बदलतील.

तोर्तुगेरोला येतात ती मुख्यतः हिरवी कासवं. त्यांचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर. घरटं उबायला साधारण दोन महिने लागतात. म्हणजे जुलैच्या सुरुवातीला घातलेली अंडी सप्टेंबरच्या सुरुवातीला फुटणार. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर माद्या दिसतील, पिल्लं जवळपास नाहीतच. रजा पुढे सरकवता आली आणि ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत गेलात, तर दोन्ही कामं हाती येतील. शिवाय कॅरिबियन बाजूला सप्टेंबर-ऑक्टोबर तुलनेने कोरडे असतात. पॅसिफिक बाजूला हेच महिने सर्वात ओले, त्यामुळे 'कोस्टा रिकाचा पावसाळा' म्हणून जे काही वाचाल ते कोणत्या किनाऱ्याबद्दल आहे ते आधी बघा. तोर्तुगेरोत कोरडं म्हणजे आपल्या अर्थाने कोरडं नाही, वर्षाला पाच मीटरच्या आसपास पाऊस पडणारी जागा आहे ती.

आता गस्त. मादी पाण्यातून वर येते, अंगाएवढा खड्डा करते, मग मागच्या फ्लिपरनी (वल्ह्यासारख्या पायांनी) सुरईच्या आकाराचं खोल घरटं खणते, अंडी घालते, वाळू लोटून बुजवते, वर भरपूर वाळू उडवून जागा लपवते आणि परत जाते. सगळ्याला मिळून दीडेक तास धरा. यातल्या पहिल्या दोन टप्प्यांत ती सर्वात बुजरी असते. उजेड दिसला, समोर कोणी हललं, की अंडी न घालताच पाण्याकडे वळते. म्हणून माग दिसला की सगळे थांबतात, आणि गटप्रमुख एकटा मागच्या बाजूने, सरपटत म्हणावं इतक्या खालून जाऊन ती कोणत्या टप्प्यावर आहे ते बघतो. अंडी पडायला लागली की मगच बाकीच्यांना खूण. तोपर्यंतची वीस मिनिटं किंवा पाऊण तास ओल्या वाळूत न बोलता बसणं हेच काम आहे, आणि नवख्यांची गडबड बहुतेक इथेच होते.

अंडी मोजायची असतील तर मोजणारा तिच्या मागे पालथा झोपतो, हातमोजा घातलेला हात अंडी पडतात त्या वाटेखाली धरतो आणि दुसऱ्या हातातलं मोजणीचं बटण प्रत्येक अंड्याला दाबतो. हिरव्या कासवाची एका वेळी सरासरी 110च्या आसपास अंडी असतात. दोन-दोन, तीन-तीन एकदम पडतात, तेव्हा बटण तितक्याच वेळा दाबायला हवं. डासांचं औषध लावलेला उघडा हात अंड्यांना लागता कामा नये. औषध लावायचंच तर गस्तीच्या बरंच आधी, कपड्यांवर, आणि तळवे साबणाने धुऊन.

टॅग (ओळखीचा क्रमांक असलेला छोटा बिल्ला) लावण्याची वेळ अंडी घालून झाल्यावर, ती घरटं बुजवत असताना. आधी जुने टॅग शोधायचे: हिरव्या कासवाला पुढच्या दोन्ही फ्लिपरच्या मागच्या कडेला, अंगाच्या जवळ. अंधारात बोट फिरवून शोधतात. टॅग नसेल तर तिथे भोक, चीर किंवा जुना व्रण आहे का तेही चाचपायचं आणि लिहायचं. व्रण असलेली मादी पहिल्यांदा आलेली नसते, तिचा टॅग गळून पडलेला असतो. ही नोंद राहिली तर हिशेबात एक नवं कासव उगाच वाढतं. लेदरबॅक या दुसऱ्या जातीच्या कासवाला टॅग मागच्या फ्लिपरजवळ लावतात.

नवा धातूचा टॅग पकडीने एका दमात दाबायचा. अर्धवट दाबला तर टोक पलीकडच्या भोकातून वळत नाही आणि टॅग काही आठवड्यांत गळतो. दाबून झाल्यावर टोक वळलंय का हे बोटाने तपासायचं. फ्लिपरची कड आणि टॅगची घडी यांत थोडी फट ठेवावी लागते. घट्ट बसला तर कातडी कापते, फार बाहेर राहिला तर जाळ्यात आणि फांद्यांत अडकतो. स्वयंसेवकाला हे पहिल्या दिवशी करू देत नाहीत आणि देऊही नये. काही प्रकल्पांत ते फक्त प्रशिक्षित सहायकच करतात. तुमच्याकडे बहुधा वही, लाल दिवा आणि फीत येईल.

मापासाठी लवचीक फीत कवचाच्या वक्रतेवरून ओढतात, मानेमागच्या खाचेपासून शेपटीकडच्या टोकापर्यंत. तीनदा मोजायचं. तीन आकड्यांत एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा. फितीखाली शंखकीटक किंवा ओल्या वाळूचा थर राहिला की माप वाढतं. आणि कापडी-प्लास्टिकची फीत वापराने ताणली जाते, म्हणून दर आठवड्याला लोखंडी टेपशी ताडून बघा. हे मुद्दाम सांगते आहे, कारण प्रकल्पावर हे काम कोणाच्याच नावावर नसतं. तुम्ही ते स्वतःकडे घ्या.

चिकूचीवाडी
निशाचरताईंनी वहीचा उल्लेख केला, त्यावर अजून बोलायला हवं. संगणकवाल्या माणसाचा खरा उपयोग तिथेच आहे.

हिरवं कासव एका हंगामात साधारण 12 दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा अंडी घालतं आणि मग दोन-तीन किंवा अधिक वर्षं येत नाही. किती माद्या, किती घरटी, किती वर्षांनी परत, हे सगळं टॅगच्या आकड्यांवर उभं आहे. तोर्तुगेरोत कासवांचे अभ्यासक आर्ची कार यांनी 1950च्या दशकात हे टॅगिंग सुरू केलं, आणि 1959 साली स्थापन झालेली संस्था, आजची सी टर्टल कन्झर्व्हन्सी, ते अजून चालवते आहे. इतक्या लांब मालिकेत एक चुकीचा आकडा गेला की तो पुढे कोणाला सापडत नाही.

चुका कुठे होतात ते सांगतो.

पहिली चूक कानाची. एक जण आकडा वाचतो, दुसरा लिहितो, आणि भाषा स्पॅनिश. सेसेंता म्हणजे साठ, सेतेंता म्हणजे सत्तर. लाटांच्या आवाजात हे दोन वेगळे ऐकू येत नाहीत. म्हणून एकेक अंक सुटा बोलायचा, लिहिणाऱ्याने मोठ्याने परत वाचायचा, आणि पहिल्याने टॅग बघूनच होकार द्यायचा, आठवणीतून नाही. शून्य ते नऊ आणि मुळाक्षरांचे उच्चार स्पॅनिशमध्ये पक्के करून जा. व्याकरण नंतर आलं तरी चालेल.

दुसरी चूक अक्षराची. तिथले लोक एकावर लांब तिरपी रेघ काढतात, त्यामुळे तो आपल्याला सातासारखा दिसतो. आणि सात लिहिताना मधे आडवी रेघ मारतात. आपला साधा सात त्यांना एक वाटतो. पहिल्या दिवसापासून त्यांच्यासारखा सात काढा.

तिसरी तारखेची. गस्त रात्री सुरू होऊन पहाटे संपते. मध्यरात्रीनंतर दिसलेल्या कासवाला आधीची तारीख की नंतरची? प्रत्येक प्रकल्पाचा नियम वेगळा असतो आणि नवा माणूस मोबाईलवरची तारीख टाकून मोकळा होतो. मग 12 दिवसांचं अंतर 11 किंवा 13 होतं. पहिल्याच दिवशी विचारा आणि वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवा.

चौथी जागेची. तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर मैलाच्या आठव्या भागावर खुणेचे खांब आहेत. अंधारात आणि पावसात खांब चुकतो. मागचा खांब कोणता गेला हे गटातल्या एकाने तोंडपाठ धरायचं. ओहोटीच्या वेळी पाण्याजवळून चालताना झाडीकडचा खांब दिसत नाही, तेव्हा एक जण वरच्या बाजूने चालतो.

लिहायचं पेन्सिलीने, पाण्यात न भिजणाऱ्या कागदावर. शाई घामाने आणि पावसाने पसरते. खोडायचं नाही, एक रेघ मारून बाजूला बरोबर आकडा लिहायचा. आणि भरलेला कागद झोपायच्या आधी संगणकात जायला हवा. 'सकाळी भरू' म्हटलं की लिहिणाऱ्याला स्वतःचंच अक्षर लागत नाही.

हिरवीवाट
प्रकल्प कसा ओळखायचा याबद्दल. नावावर आणि चित्रांवर जाऊ नका, नेमके प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या.

कासवांना टॅग लावायला, घरटी हलवायला कोस्टा रिकात सरकारी परवाना लागतो. यंदाचा परवाना कोणाच्या नावावर आहे, विचारा. खरा प्रकल्प हे सहज सांगतो. मधला दलाल असेल तर त्याला बहुधा माहीतच नसतं.

मग विचारा: गेल्या हंगामाचा अहवाल आहे का? त्यात किती घरटी, किती हलवली, किती टक्के फुटली, किती चोरीला गेली हे असायला हवं. चोरीचा आकडा शून्य दाखवणाऱ्यापेक्षा तो आकडा उघड लिहिणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवीन. 2002च्या कायद्याने तिथे समुद्री कासवं आणि अंडी यांच्या चोरीवर कडक शिक्षा आहे, पण चोरी थांबलेली नाही.

सुरक्षेचा प्रश्न संकोच न करता विचारा. मे 2013मध्ये लिमोनजवळच्या मोईन किनाऱ्यावर लेदरबॅकची घरटी राखणाऱ्या हायरो मोरा सांदोव्हाल या 26 वर्षांच्या तरुणाची हत्या झाली. त्या रात्री त्याच्याबरोबर परदेशी स्वयंसेविकाही होत्या. तेव्हापासून हा प्रश्न सभ्यपणे टाळण्यासारखा राहिलेला नाही. गस्तीला पोलीस किंवा वनरक्षक सोबत असतात का, चोर समोर आला तर नियम काय, संपर्क कशाने ठेवतात? योग्य उत्तर एकच: मागे फिरायचं, ओळख पटवायला जायचं नाही, उजेड टाकायचा नाही, फोटो काढायचा नाही.

आणि हात लावू देण्याची जाहिरात असेल तर तिथून निघा. पिल्लं टबात ठेवून दुपारी पर्यटकांच्या हातून सोडणं वाईट, कारण बाहेर पडल्यानंतरचा पहिला दिवस ती न थांबता पोहतात आणि त्यासाठी अंड्यातल्या बलकाची शिदोरीच पुरवून वापरतात. ती शिदोरी टबात वळवळण्यात संपते. दिवसा सोडली तर पक्षी आणि मासे टिपतात, तापलेली वाळू वेगळीच. हेच इतर प्राण्यांचं. कोस्टा रिकाच्या सरकारने 2019मध्ये वन्यप्राण्यांबरोबर सेल्फी काढू नका अशी मोहीमच काढली, स्लॉथला (झाडावर राहणाऱ्या संथ प्राण्याला) मिठी मारू देणारी 'आश्रयस्थानं' हे त्याचं एक कारण. दक्षिण आफ्रिकेत सिंहाचे छावे बाटलीने पाजण्यासाठी स्वयंसेवकांकडून पैसे घेणाऱ्या जागा याच जातीच्या. माणसाळलेला छावा जंगलात परत जाऊ शकत नाही. मोठा झाल्यावर त्याचं काय होतं हे विचारलं की पुढचं बोलणं थांबतं. बंदिस्त आवारातल्या शिकारीपर्यंत जाणारी ती साखळी आहे.

शुल्क घेतात म्हणून प्रकल्प वाईट ठरत नाही. जेवण, राहणं, नावेचं इंधन, स्थानिक सहायकांचे पगार यातूनच निघतात. पण किती वाटा गावात राहतो ते विचारा, आणि गावातल्या माणसाचा पगारी रोजगार तुम्ही फुकट करून हिरावत नाही ना, तेही.

पासपोर्टधारी
व्हिसा आणि प्रवास.

भारतीय नागरिकाला कोस्टा रिकाचा व्हिसा लागतो. दूतावास नवी दिल्लीत आहे. ज्यांच्याकडे अमेरिकेचा अनेक प्रवेशांचा वैध व्हिसा आहे त्यांना सवलत मिळते, पण आत किती दिवस राहता येईल ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. तुम्हाला सहा आठवडे म्हणजे 42 दिवस हवेत. 30 दिवसांचा शिक्का पडला तर काम अर्ध्यावर राहील. म्हणून प्रकल्पाचं पत्र (तारखा, पत्ता, काम विनामोबदला आहे हे स्पष्ट) घेऊन दूतावासाला ईमेलने दोन प्रश्न विचारा: या कामाला पर्यटक म्हणून जाणं चालेल का, आणि 42 दिवस कसे मिळतील. त्यांचं उत्तर छापून सोबत ठेवा. परतीचं तिकीट आणि सहा महिन्यांहून जास्त मुदतीचा पासपोर्ट हवाच.

वाट निवडताना तिकिटाची किंमत शेवटी बघा. अमेरिकेतून जाणार असाल तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही त्यांचा व्हिसा लागतो. कोलंबिया, ब्राझील, पनामा अशा पीतज्वराच्या यादीतल्या देशांतून जाणं-येणं असेल तर लशीचं पिवळं प्रमाणपत्र काढून ठेवा. लस फक्त सरकारमान्य केंद्रात मिळते, घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, आणि आता ते आयुष्यभर चालतं. परतताना आपल्याच विमानतळावर याची तपासणी होते आणि प्रमाणपत्र नसेल तर विलगीकरणात सहा दिवसांपर्यंत ठेवू शकतात. धनुर्वात, कावीळ अ, विषमज्वर यांबद्दल डॉक्टरांना विचारा. लिमोन प्रांतात हिवताप आहे हे त्यांना मुद्दाम सांगा, डेंग्यूसाठी पूर्ण बाह्यांशिवाय इलाज नाही.

तोर्तुगेरोला रस्ता नाही. सान होसेहून बसने कारियारी, तिथून ला पावोना, पुढे कालव्यातून नाव. दुपारनंतर पोहोचलात तर शेवटची नाव चुकू शकते, म्हणून पहिली रात्र सान होसेत काढा. सामान जलरोधक पिशवीत, चाकांची बॅग नको. रोख रक्कम निघण्याआधीच काढा. विम्यात नावेने आणि हवाई मार्गाने रुग्णाला हलवण्याचा खर्च धरला आहे का ते वाचा, मोठं रुग्णालय ग्वापिलेसला आहे आणि मधे पाणी आहे. झाडीच्या कडेला तेर्सिओपेलो हा विषारी साप असतो, त्यामुळे गस्तीत बंद बूट. कपडे गडद, पांढरं काहीही नको, मनगटावरच्या घड्याळाचा उजेडसुद्धा बंद.

गोदाकाठ
खूप आभार. रजा 16 ऑगस्टपासून मागतो. दोन शंका. घरटी हलवायची की जागेवर ठेवायची, यावर वेगवेगळी मतं वाचली. आणि जाण्याआधी इथे कोकणात काही शिकता येईल का?

कासवमित्र_दापोली
दोन्हीला एकत्र उत्तर देतो.

जागेवर ठेवणं केव्हाही चांगलं. भरतीच्या रेषेखाली असेल, किनारा खचत असेल किंवा चोरी नक्की असेल तरच हलवायचं. हलवायचं तर तीन-चार तासांच्या आत. अंडं घातल्यावर काही तासांत गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं की तो सुटून मरतो. म्हणून उशिरा सापडलेलं घरटं हलवण्यापेक्षा तिथेच राखणं बरं. हॅचरीत, म्हणजे हलवलेली अंडी उबवण्याच्या राखीव जागेत, नवं घरटं मूळच्याच खोलीचं आणि सुरईच्याच आकाराचं खणायचं, दोन घरट्यांत साधारण मीटरभर अंतर. उथळ झालं तर वाळू तापते. 29 अंशांच्या आसपासच्या एका मध्यबिंदूच्या वर बहुतेक माद्या, खाली बहुतेक नर निघतात, आणि तापमान फारच चढलं तर पिल्लं आतच मरतात. सावलीची जाळी नसलेली उघडी हॅचरी दिसली तर तापमापक कुठे आहे हे जरूर विचारा.

जागेवर ठेवलेल्या घरट्याची खूण तीन फितींनी करतात: झाडीतल्या तीन ठिकाणांपासून घरट्याच्या तोंडापर्यंत तीन अंतरं. एक खूण तुटली तरी दोन उरतात. पिल्लं निघून गेल्यावर दोनेक दिवसांनी घरटं उकरून हिशेब लावायचा. अर्ध्याहून मोठं असेल तेच कवच एक धरायचं, तुकडे जोडून अंदाज करायचा नाही. न फुटलेली अंडी फोडून गर्भ कोणत्या टप्प्यावर थांबला ते लिहायचं. वास असह्य असतो आणि नेमकी हीच नोंद घाईत होते. सुरुवातीलाच थांबलेले गर्भ जास्त असतील तर संशय हलवताना झालेल्या धक्क्यावर जातो. शेवटी थांबलेले असतील तर उष्णता किंवा पाणी बघा.

आता कोकण. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले या जातीच्या कासवांची घरटी साधारण नोव्हेंबर ते मार्च आणि पिल्लं फेब्रुवारीपासून एप्रिल-मेपर्यंत. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002मध्ये काम सुरू केलं, आता वनविभाग आणि गावोगावचे कासवमित्र ते सांभाळतात. ऑगस्टला निघणार असाल तर त्याआधीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवडाभर या. पण नुसते पिल्लं सोडण्याच्या वेळेला येऊ नका. पहाटे कासवमित्राबरोबर मागावरून घरटं शोधायला चला. काठीने वाळू चाचपताना ती कुठे भुसभुशीत लागते हे हाताला कळायला आठवडा लागतोच. वनविभागाची परवानगी आधी घ्या आणि अंड्यांना हात लावण्याचा आग्रह धरू नका.

टॅगबद्दल वर जे लिहिलं त्याला आपल्याकडचाच दाखला आहे. 2021मध्ये ओडिशात टॅग लावलेली ऑलिव्ह रिडलेची मादी जानेवारी 2025मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगळी मानली जायची. रात्री कोणीतरी फ्लिपर चाचपला, आकडा नीट वाचला आणि नीट लिहिला, म्हणून ती पूर्वेची आहे हे कळलं.

गोदाकाठ
मार्चचा पहिला आठवडा धरतो. स्पॅनिश अंक आजपासून.

निशाचर
लाल दिव्याचंही आत्ताच बघा. पांढऱ्या टॉर्चवर लाल कागद चिकटवून चालत नाही, कडेने पांढरा उजेड गळतो. फक्त लाल एलईडी असलेला, आणि बटण दाबल्यावर आधी लालच लागणारा हेडलॅम्प घ्या. बरेच दिवे आधी पांढरे लागतात आणि मग लालवर येतात, तेवढ्या एका क्षणात मादी फिरते. दुकानात अंधार करून बटण दाबून बघा.